माउस नेला की अर्थ दिसतो, पण शब्द लक्षात राहत नाही

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमचा मोठा ग्राहक जपानी आहे. क्लास लावून जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी पास झालो, येत्या डिसेंबरला त्यावरची एन-३ द्यायचा विचार आहे. इंटरनेटवर जपानी वाचायला बसलो की आधी एकेक शब्द कॉपी करून ट्रान्सलेटमध्ये टाकायचो, एका पानाला अख्खी संध्याकाळ जायची. मग मित्राने ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाकून दिलं. शब्दावर माउस नेला की अर्थ दिसतो. आता भराभर वाचतो, पण काल वाचलेला शब्द आज ग्राहकाने मीटिंगमध्ये उच्चारला तर ओळखू येत नाही. क्लासचे सर म्हणतात, ही कुबडी आहे, काढून टाक. यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच एक्स्टेन्शन सांगतो. कोणतं ठेवू, की काढूच? ऑफिसच्या लॅपटॉपवर आणि फोनवर काय करायचं तेही सांगा.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काढू नका. सरांची काळजी खोटी नाही, पण दोष एक्स्टेन्शनचा नाही. माउस नेल्यावर जी चौकट उघडते, तिच्यातलं तुम्ही नेमकं काय वाचता, तिथे गडबड आहे.

पुढच्या वेळी माउस नेलात की स्वतःच्या नजरेवर लक्ष ठेवा. चौकटीत वर कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं असतात, शेजारी हिरागाना या उच्चार दाखवणाऱ्या लिपीत उच्चार, आणि खाली इंग्रजी अर्थ. तुमची नजर थेट इंग्रजीवर जाते, कारण तेच सगळ्यात लवकर कळतं. ‘केन्सा’ हा तुमच्या रोजच्या कामातला शब्द घ्या. दोन कांजी दिसल्या, माउस नेला, ‘इन्स्पेक्शन’ वाचलं, पुढे गेलात. या सगळ्यात ‘केन्सा’ हा उच्चार तुमच्या तोंडात आला नाही की कानात शिरला नाही. मग ग्राहक मीटिंगमध्ये ‘केन्सा’ म्हणाला तर तुम्हाला तो कसा ओळखू येणार? तुम्ही एक चित्र आणि एक इंग्रजी शब्द यांची जोडी पाठ केलीत, मधला जपानी शब्द बाजूलाच राहिला. मराठी वाचताना हा प्रश्न येत नाही, देवनागरीत अक्षर दिसलं की उच्चार आलाच. कांजीत तो वेगळा कमवावा लागतो, आणि हे एक्स्टेन्शन तो न कमवता पुढे जाऊ देतं.

यावर सोपा उपाय आहे, तो फार कमी जण वापरतात. टेनटेन नावाच्या एक्स्टेन्शनमध्ये चौकट उघडी असताना कीबोर्डवरचं ‘डी’ दाबा. इंग्रजी अर्थ गायब होतात, फक्त उच्चार उरतो. पुन्हा ‘डी’ दाबलं की अर्थ परत येतात. रिकाइकुन नावाच्या दुसऱ्या एक्स्टेन्शनमध्येही हीच सोय आहे. तेव्हा अर्थ कायम लपवून ठेवा. अडलं तर आधी उच्चार बघा आणि तो मोठ्याने म्हणा. घरच्यांना काय वाटायचं ते वाटू दे. गंमत अशी की बऱ्याचदा उच्चार कळला की अर्थ आपोआप आठवतो, कारण शब्द तुम्ही क्लासमध्ये ऐकलेला असतो, फक्त त्याची कांजी ओळखीची नसते. एन-४ ते एन-३ च्या टप्प्यावर हे सतत होतं. उच्चारावरूनही नाही कळलं, तर वाक्य शेवटपर्यंत वाचून अंदाज बांधा आणि मगच ‘डी’.

दुसरी गोष्ट, चौकट आपोआप उघडू देऊ नका. टेनटेनच्या सेटिंगमध्ये आल्ट किंवा कंट्रोल धरल्याशिवाय चौकट दिसू नये अशी सोय आहे, ती चालू करा. माउस नुसता सरकला तरी अर्थ डोळ्यांसमोर येत असेल, तर जो शब्द तुम्ही दोन सेकंद थांबून स्वतः ओळखला असता, तोही तुम्हाला आयता सांगितला जातो.

आता कोणतं ठेवायचं. यूट्यूबवरचा गोंधळ बराचसा जुन्या व्हिडिओंमुळे आहे. फायरफॉक्ससाठी पूर्वी रिकाइचान होतं, या प्रकारातलं बहुतेकांनी वापरलेलं पहिलं. २०१७ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं बंद केली आणि ते मागे पडलं. त्याच धर्तीवर क्रोमसाठी रिकाइकुन आलं, आणि रिकाइचॅम्प नावाचं आणखी एक आलं. या रिकाइचॅम्पचंच नाव पुढे टेनटेन झालं. स्टोअरमध्ये शोधताना नावात आधी १० हा आकडा दिसेल. योमिचान हे यातलं सर्वांत ताकदवान, पण त्याच्या निर्मात्याने २०२३ मध्ये काम थांबवलं. इतर लोकांनी ते पुढे नेलं, त्याचं नाव योमितान. तेव्हा व्हिडिओत कोणी रिकाइचान किंवा योमिचान टाकायला सांगत असेल तर तो व्हिडिओ जुना आहे, एवढं ओळखा आणि पुढे जा.

म्हणजे निवड टेनटेन आणि योमितान यांच्यातच आहे. तुम्ही आज टेनटेन ठेवा. टाकलं की चालू होतं, काही जमवाजमव नाही. शिवाय त्यात तुमच्या कामाच्या बारीक सोयी आहेत. जपानी कागदावर तारीख बऱ्याचदा राजवटीच्या वर्षात असते. ‘हेइसेइ १२’ असं लिहिलेल्या जागी माउस नेला की ते २००० साल असल्याचं दिसतं. जुन्या ड्रॉइंगवरची तारीख बघताना बोटांवर मोजत बसावं लागणार नाही.

योमितान आता नको, दोन-तीन महिन्यांनी घ्या. ते टाकल्यावर सुरुवातीला रिकामं असतं, शब्दकोश तुम्हालाच भरावे लागतात. त्याच्या सेटिंगमध्येच शिफारस केलेले शब्दकोश उतरवून घेण्याची सोय आहे. पहिल्यांदा जितेन्देक्स आणि कांजीसाठी कांजीडिक, एवढे दोन पुरेत. शब्दकोश बाहेरून आणलात तर झिप फाइल उघडू नका, तशीच द्यायची असते. बहुतेकांची गाडी इथेच अडते. शिफ्ट धरून माउस नेला की चौकट उघडते. लोक दहा-दहा शब्दकोश भरतात आणि मग एका शब्दासाठी चौकटीत पानभर मजकूर खाली सरकवत बसतात. त्या वाटेला जाऊ नका.

या सगळ्यांच्या पोटात शब्दकोश मात्र बहुतेक एकच असतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या एडिक्टमधून वाढलेला जेएमडिक्ट. म्हणून एका एक्स्टेन्शनमध्ये अर्थ समाधानकारक वाटला नाही म्हणून दुसरं टाकलंत, तर तोच अर्थ वेगळ्या रंगाच्या चौकटीत दिसेल. जेएमडिक्टमध्ये इंग्रजीशिवाय जर्मन, फ्रेंच, रशियन, डच वगैरे भाषांतलेही अर्थ आहेत. मराठी नाही.

मराठी नसल्याची मला वाटणारी खंत वेगळ्या ठिकाणी आहे. नामांचं काय, ‘झुमेन’ म्हणजे ड्रॉइंग, ‘कोसा’ म्हणजे टॉलरन्स, ‘मेन्तोरी’ म्हणजे चॅम्फर, हे इंग्रजीतून कळलं तरी बिघडत नाही. शॉप फ्लोअरवर आपण तेच इंग्रजी शब्द बोलतो. पण क्रियापदांच्या शेपटांशी इंग्रजीची फार ओढाताण होते. ‘ते मिरु’चा अर्थ चौकट सांगते, प्रयत्न करणं. आपल्याकडे सरळ ‘करून बघणं’ आहे, आणि मिरु म्हणजेही बघणंच. ‘ते ओकु’ला इंग्रजीत अख्खं वाक्य लागतं, आपण ‘करून ठेवणं’ म्हणतो. ‘ते शिमाऊ’च्या जागी एकदा ‘पूर्णपणे करणं’ आणि एकदा ‘खेदाने करणं’ असे दोन अर्थ देतात आणि मुलं गोंधळतात. मराठीत ‘खाऊन टाकलं’ आणि ‘करून बसलो’ म्हणा, दोन्ही छटा मिळाल्या. त्यामुळे क्रियापदाच्या शेवटी असलं काही दिसलं की इंग्रजी वाचूच नका. वाक्य मनात मराठीत फिरवा. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम दोन्ही भाषांत सारखाच आहे, शब्दामागे लागणारे ‘नी’, ‘ओ’, ‘दे’ आपल्या ‘ला’, ‘ने’, ‘त’सारखेच मागून लागतात. ही आयती जमेची बाजू इंग्रजीच्या फेऱ्यात घालवायची, मला हे पटत नाही.

रूपं उलगडण्यात मात्र ही साधनं खरोखर हुशार आहेत. ‘ताबेसासेरारेताकुनाकात्ता’ अशी आगगाडी आली तरी ती मूळ ‘ताबेरु’पर्यंत जाऊन पोचतात आणि वाटेत प्रयोजक, कर्मणी, इच्छा, नकार, भूतकाळ अशा पायऱ्या दाखवतात. जबरदस्तीने खायला लावलेलं नको होतं, एवढाच त्याचा अर्थ. कागदी शब्दकोशात हे सापडत नाही, कारण तिथे मूळ रूप माहीत असल्याशिवाय पान उघडता येत नाही. सरांना हे जरूर सांगा.

ती चुकतात कुठे, तेही कळायला हवं. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे संपतो हे एक्स्टेन्शनला ठाऊक नसतं. माउस ज्या अक्षरावर आहे तिथून पुढे शब्दकोशात बसणारा सर्वांत लांब तुकडा ते शोधतं, मागे बघत नाही. ‘तोक्योतो’ हा तीन कांजींचा शब्द, म्हणजे तोक्यो महानगर. माउस पहिल्या कांजीवर ठेवलात तर बरोबर येईल. दुसऱ्या कांजीवर ठेवलात तर तुम्ही थेट क्योतोला पोचता, कारण उरलेल्या दोन कांजी म्हणजे नेमकं ते शहर. तेव्हा माउस कायम शब्दाच्या पहिल्या अक्षरावर. आणि नुसत्या हिरागानात लिहिलेल्या ओळीवर तर जास्तच सावध राहा. जपानी मुलांचा एक जुना विनोद आहे, ‘कोको दे हाकिमोनो ओ नुइदे कुदासाई’, म्हणजे इथे पादत्राणं काढा. ‘हा’ हे अक्षर अव्यय असलं की ‘वा’ असं वाचतात, त्यामुळे तीच अक्षरं ‘कोको दे वा किमोनो ओ’ अशी तोडली तर पाहुण्यांना कपडे उतरवावे लागतील. एक्स्टेन्शन तुम्हाला दोन्ही दाखवेल, माउस कुठे ठेवता त्यावर.

एका लिखाणाचे दोन उच्चार असले तर निवड तुमचीच. ‘जाणे’ची आणि ‘पार पाडणे’ची भूतकाळी रूपं अगदी सारखी लिहितात, एक ‘इत्ता’, दुसरं ‘ओकोनात्ता’. बोलण्यात ‘इत्ता’ जास्त, पण बातम्यांत आणि तुमच्या क्वालिटी रिपोर्टांत बहुतेक वेळा ‘ओकोनात्ता’ असतं, कारण तिथे कोणी कुठे जात नाही, तपासणी पार पाडली जाते. चौकटीतला पहिला पर्याय म्हणजे बरोबर पर्याय, असं धरू नका. माणसांच्या नावांबद्दल तर विचारूच नका, एका आडनावाचे सहा उच्चार दिसतील. ग्राहकाचं नाव त्याच्या ईमेलच्या सहीत रोमन लिपीत असतं, तिथून घ्या.

ऑफिसच्या लॅपटॉपचं. आयटीला विचारल्याशिवाय काहीही टाकू नका. ही एक्स्टेन्शनं ‘सगळ्या वेबसाइटवरचा सगळा मजकूर वाचण्याची’ परवानगी मागतात, आणि ते ऐकून आयटीवाल्यांच्या भुवया चढल्या तर त्यात त्यांचं चुकत नाही. माउसखालचं अक्षर वाचायला ती परवानगी लागतेच. पण विचारताना एक मुद्दा जरूर मांडा. टेनटेन किंवा योमितान शब्द शोधतं ते तुमच्याच मशीनवर उतरवलेल्या शब्दकोशात, मजकूर बाहेर पाठवत नाही. योमितानमध्ये उच्चार ऐकायचं बटण दाबलं तर तेवढा शब्द बाहेर जातो, बाकी नाही. याउलट ट्रान्सलेटमध्ये ग्राहकाचा पत्रव्यवहार चिकटवला की तो अख्खा दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेला. आजवर तुम्ही ऑफिसची कागदपत्रं तशी टाकत असाल तर ते आधी थांबवा, एक्स्टेन्शनचं नंतर बघू. परवानगी मिळाली तरी ब्राउझरमध्ये उघडलेल्या पीडीएफवर हे चालेलच असं नाही, क्रोममध्ये तर चालत नाही. मजकूर कॉपी होत असेल तर योमितानचं स्वतःचं शोधायचं पान असतं, तिथे चिकटवा. स्कॅन केलेलं ड्रॉइंग म्हणजे चित्रच, तिथे माउस फिरवून काही दिसायचं नाही. परवानगी नाहीच मिळाली, तर ‘फुगुआई’ (दोष), ‘नोकी’ (माल देण्याची मुदत), ‘झेसेइ शोची’ (सुधारणेची कारवाई) असे नेहमीचे दोन-चार शब्द चिठ्ठीवर लिहून घरी आणा. शब्द आणा, ग्राहकाचं वाक्य नको.

वाचायचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या अडचणीचा अर्धा भाग तिथे असावा. ओळीत पाच-सहा वेळा माउस न्यावा लागतो तो मजकूर तुमच्यासाठी नाही. कितीही चांगलं साधन असलं तरी ते वाचन होत नाही, उत्खनन होतं. ओळीला एखादा, फार तर दोन शब्द अडावेत. ‘माच्चा’ नावाची प्रवासाची वेबसाइट आहे, तिचे लेख ‘यासाशी निहोंगो’त म्हणजे सोप्या जपानीतही असतात, तिथून सुरुवात करा. जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ फुकट उतरवता येतं, जपानमध्ये राहून काम करणाऱ्यांसाठी केलेलं आहे, तुमच्या उपयोगाचं. आओझोरा बुन्कोवर हजारो जुनी पुस्तकं मोफत आहेत म्हणून कोणी सुचवेल, पण त्यांतली भाषा जुनी असते, एन-३ च्या आधी तिकडे फिरकू नका. आणि एक खास नाशिककरांसाठी. जपानी विकिपीडियावर कुंभमेळ्याचा लेख आहे. विषय आपल्याला पाठ असल्यामुळे न आलेल्या शब्दाचाही अंदाज बांधता येतो, काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, नाशिकचं ‘नाशिकु’ झालेलं बघायला मजाही येते. विकिपीडियाची भाषा अवघड असते, त्यामुळे पहिले दोन परिच्छेदच वाचा.

लक्षात राहण्यासाठी अंकी हा उजळणीच्या कार्डांचा प्रोग्राम आहे. योमितानला अंकीकनेक्ट हा अंकीचा जोड-प्रोग्राम जोडला की चौकटीतलं बटण दाबून शब्द आणि ज्या वाक्यात तो सापडला ते वाक्य, दोन्ही कार्डावर जातात. त्या वेळी कॉम्प्युटरवर अंकी उघडं असावं लागतं. टेनटेनच्या काळात कार्डं हाताने करा. दिवसाला पाच, जास्त नाहीत. बटण एका क्लिकवर असल्यामुळे लोक दिवसाला पन्नास करतात, आणि महिनाभरात उजळणीचा डोंगर बघून अंकीच काढून टाकतात. कार्डाच्या पुढे वाक्य, मागे उच्चार आणि तुमच्या शब्दांत मराठी अर्थ. तो मराठी अर्थ टाइप करायला जे दहा सेकंद लागतात, त्यातच निम्मं पाठांतर होतं.

एन-३ च्या तयारीला ही सगळी शिस्त थेट लागते. पेपरात शब्दसंग्रहाला ३० मिनिटं, व्याकरण आणि वाचनाला मिळून ७०, ऐकण्याला ४०. एकूण १८० पैकी ९५ गुण लागतात, पण गुणांच्या तिन्ही विभागांत (शब्द-व्याकरण, वाचन, ऐकणं) प्रत्येकी किमान १९ हवेत. म्हणजे वाचनात कितीही मिळवलेत तरी ऐकण्यात १८ ला अडकलात तर नापास. इंग्रजी अर्थ वाचून भराभर पुढे जाणाऱ्याचं नेमकं तिथेच अडतं. कांजींची किंवा शब्दांची अधिकृत यादी २०१० पासून प्रसिद्ध होत नाही, तेव्हा ‘एन-३ चे सगळे शब्द’ म्हणून कोणी यादी विकत असेल तर ती त्याने केलेली यादी आहे. ऑक्टोबरपासून आठवड्यातून दोन संध्याकाळी एक्स्टेन्शन बंद ठेवा आणि आधी ‘डी’ दाबून वाचलेलेच लेख घड्याळ लावून पुन्हा वाचा.

राहिला फोन. आयफोनवर टेनटेन सफारीत चालतं. अँड्रॉइडवर क्रोममध्ये एक्स्टेन्शनं चालत नाहीत, फायरफॉक्समध्ये चालतात. कीवी ब्राउझर घ्या असं जुने व्हिडिओ सांगतील, त्याचं काम २०२५ च्या सुरुवातीला थांबलं आहे, घेऊ नका. पण मला विचाराल तर फोनवर वाचूच नका. तिथे ना आल्ट धरता येत, ना ‘डी’ दाबता येत, बोट लागलं की अर्थ समोर. फोनवर फक्त अंकीची कार्डं फिरवा, अँड्रॉइडसाठी अंकीड्रॉइड फुकट आहे. कंपनीच्या बसमध्ये जमेल, पण उच्चार मोठ्याने म्हणायचा असल्यामुळे शेजारी कोण बसलंय ते बघून.